मुलीच्या मापाची बंदूक

माझ्या माहेरी शस्त्र म्हणून एकच वस्तू होती, ती म्हणजे अडकित्ता. खंडेनवमीला आजोबा तो घासूनपुसून पाटावर ठेवायचे, शेजारी विळी आणि सुरी मांडायचे, झेंडूचं फूल वाहायचे आणि छाती फुगवून सांगायचे, "आपले मूळपुरुष दरबारात शिलेखान्यात होते!" होते ना, पण कारकून होते. तलवारी किती, बंदुका किती, त्यातल्या गंजलेल्या किती, याच्या याद्या करायचे. त्यांनी कधी बंदूक उचलली असेलच, तर खालची धूळ झाडायला.

अशा घरातली मी, माझ्याच पोरीला बंदूक घ्यायला निघेन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पोरगी कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर भोपाळजवळच्या रेंजवर गेली आणि तिथेच अडकली. खेळ असा की यंत्रातून मातीची तबकडी सुसाट हवेत उडते आणि ती जमिनीवर पडायच्या आत फोडायची. यासाठीची बंदूक दुनळी असते, पण जुन्या सिनेमातल्या ठाकूरसाहेबांच्या हातातली नव्हे. त्या दुनळीच्या नळ्या शेजारी-शेजारी असतात. हिच्या एकीवर एक. डोळ्यापुढे एकच सरळ रेघ राहते, म्हणून नेमाला बरी. हे सगळं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मी आपली दर शनिवारी पहाटे तिला नानाखेड्याच्या बस स्टँडवर सोडायची आणि म्हणायची, "जा भई, फोड बश्या. घरातल्या काही शिल्लक ठेवल्या नाहीस."

पहिली दोन वर्षं छान गेली. क्लबची बंदूक घेऊन, डावा डोळा घट्ट मिटून, पंचवीसपैकी एकोणीस-वीस तबकड्या ती सहज फोडायची. मग नवे सर आले. ते म्हणाले, एक डोळा मिटून पुढे निभाव लागणार नाही, दोन्ही उघडे ठेवायचे. तबकडी किती लांब आहे, कुठे चालली आहे, ते दोन्ही डोळ्यांनीच कळतं. पोरीने डोळे उघडले आणि गाडी घसरली. एकोणिसावरून पंधरा, पंधरावरून अकरा. प्रत्येक वेळी छर्रे तबकडीच्या डावीकडून जात. सर म्हणाले, "क्लबची बंदूक सगळ्यांची असते, म्हणजे कुणाच्याच मापाची नसते. स्वतःची घ्या."

राज्याच्या निवड चाचणीला चार महिने होते. एका रात्री जेवताना पोरगी म्हणाली, "आई, या वर्षी टीममध्ये नाही आले तर सोडते मी. बँकेच्या परीक्षा देते. माझ्यात ते नाहीचे बहुतेक." आवाज अगदी साधा, आमटी वाढ म्हणावं तसा. तोवर मी त्या खेळाला नावं ठेवत होते, पण माझी पोर 'माझ्यात नाहीचे' म्हणते हे मला सहन होईना. घ्यायचीच बंदूक, म्हटलं.

आता बंदूक कोणती, यावरून घरात महाभारत. आमचे हे रेल्वेतले. सासरे भुसावळहून बदली होऊन इंदूरशेजारच्या आमच्या या गावात आले ते इथलेच झाले. पण ह्यांचा स्वभाव अजून भुसावळचाच, एकदा रूळ धरला की धरला. महिनाभर मोबाइलवर बंदुकांचे व्हिडिओ बघून ह्यांनी जाहीर केलं, "इटालियन. विषय संपला. ऑलिंपिकला सगळे तीच वापरतात."

"सगळे तीच वापरतात, मग हरणाऱ्यांच्या हातात काय असतं? लाटणं?" मी विचारलं.

मला महागड्या नावाचं कौतुक नाही. माधवनगरात माझं कापडाचं दुकान आहे, भैरवगढच्या बाटिकच्या, म्हणजे मेणाच्या छापाच्या साड्या, चादरी, ओढण्या. बावीस वर्षं तेच करतेय. एकाच कारागिराच्या हातच्या दोन साड्या, एक माझ्याकडे साध्या पिशवीत, दुसरी इंदूरच्या काचेच्या दुकानात सोनेरी लेबल लावून. तिथून घेणारी बाई माझ्याकडची बघून नाक मुरडते, "ती मजा नाही." मजा लेबलात असते, बाई! म्हणून माझा नियम एकच, उलटी बाजू बघा. मेणाचं काम खरं असेल तर रंग आरपार गेलेला दिसतो. बंदुकीलाही उलटी बाजू असेलच की, म्हटलं, बघू या.

इंदूरला एक जुने परवानाधारक बंदूकवाले होते. पोरीचा परवाना आलेला होता, कागद घेऊन आम्ही तिघं गेलो. त्यांनी हिरव्या बनातीवर दोन बंदुका मांडल्या. एक तुर्की, कोरी, साधी, काळ्या नळ्यांची. दुसरी इटालियन. ती एका नेमबाजाने खेळ सोडताना त्यांच्याकडे विकायला ठेवलेली. तुर्कीची किंमत दोन स्कूट्यांएवढी, इटालियनची आमच्या दारातल्या मोटारीएवढी. हे इटालियनकडे असे बघत होते, जसं साखरपुड्याला माझ्याकडेसुद्धा बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "भैया, खोलके दिखाओ."

दुकानदार हसला, पण त्याने दाखवलं. आणि मी खोटं कशाला बोलू, इटालियन सरस होती. तुर्की बंद केली की फाटक लावल्यासारखा खाड् आवाज. इटालियन बंद झाली ती हलकेच, चांगल्या कपाटाच्या दारासारखी. लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात तिथे तुर्कीला नख जाईल एवढी फट. हिला केसही जाईना. घोड्याची आख्खी जोडणी एका हिसक्यात बाहेर येत होती, म्हणजे स्पर्धेत बिघाड झाला तर जागच्या जागी दुसरी बसवता येते. मी तिची आतली बाजू पाहिली, जिथे कुणी बघायला जात नाही तिथे. तिथेही घासकाम तितकंच नेटकं. मनात म्हटलं, गेले पैसे. ह्यांना मात्र काही बोलले नाही, नाहीतर जन्मभर ऐकवलं असतं.

"फर्क गोली में नहीं है मॅडम," दुकानदार म्हणाला. "दोनो बराबर मारेंगी. फर्क ये है कि ये बीस साल बाद भी ऐसे ही बंद होगी." हा माणूस मला आवडला. माझ्याच जातीचा दुकानदार, खरं सांगून विकणारा. म्हणाला, ठरवण्याआधी आत मिस्त्रींकडून माप घेऊन या. फिटिंग नसेल तर दोन्ही बेकार.

आतल्या खोलीत एक म्हातारे मिस्त्री बसले होते. चष्मा दोरीने बांधलेला, समोर अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते. दस्ता म्हणजे बंदुकीचा तो लाकडी भाग, जो खांद्याला टेकतो आणि ज्यावर गाल ठेवतात. त्यांनी इटालियन हातात घेतली, रिकामी आहे हे उघडून स्वतः पाहिलं, पोरीला दाखवलं, पुन्हा पाहिलं. मग दस्त्यावर बोट फिरवून म्हणाले, "देखो, ये बाहर को मुडी है. सीधे हाथवाले के लिए बनी है." सीधा म्हणजे उजवा. पोरीला बंदूक खांद्याला लावायला सांगितली, आणि स्वतः समोर उभं राहून तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

बराच वेळ बघितलं. मग बंदूक खाली ठेवायला लावली आणि म्हणाले, दोन्ही हातांचा त्रिकोण कर, त्यातून माझं नाक बघ. तिने बघितलं. मिस्त्रींनी मान हलवली.

"बिटिया, बंदूक सीधे कंधे पे है और देख रही है तेरी उल्टी आंख. नली इधर, आंख उधर. बायें नहीं जाएगा तो कहां जाएगा?"

एवढंच होतं ते! दोन वर्षं डावा डोळा मिटत होती म्हणून चाललं, उघडला आणि सगळं डावीकडे गेलं. बंदुकीचा त्यात काडीचा दोष नव्हता.

मिस्त्री म्हणाले, उपाय दोन. माणूस मुळात उजवा असेल तर चष्म्याच्या डाव्या काचेला चिकटपट्टी लावायची आणि आहे तसं खेळायचं. थोडं नुकसान आहे, पण चालतं. आणि मुळात डावा असेल तर पट्टीच्या भानगडीत पडू नये, खांदाच बदलावा. चार-सहा महिने जातात, पण मग हात आणि डोळा एका बाजूला येतात. "तो बताओ, लिखती कौन से हाथ से हो?"

"सीधे से," पोरगी म्हणाली.

"बचपन से?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला कुठून आठवणार? आणि मी, बावीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलेली की माझ्या दुकानात खोटं चालत नाही, ती मी म्हणाले, "हां हां, शुरू से सीधे से."

पोर डावखुरी जन्मली होती. खुळखुळा डाव्या हातात, चमचा डाव्या हातात, भिंतीवर रेघोट्या डाव्या हाताने. अडीच वर्षांची असताना कुणाकडे तरी सत्यनारायण होता. हिने प्रसादाला डावा हात पुढे केला आणि चार बायका फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "आईने शिकवलं नाही वाटतं." झालं! माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी ह्यांचा लाल लोकरी मोजा काढला आणि जेवताना, खेळताना, चित्रं काढताना तिच्या डाव्या हातात चढवायला लागले, मनगटाला नाडी बांधून. पहिले काही दिवस रडली. मग उजव्या हाताने खायला लागली. मी सगळ्यांना अभिमानाने सांगत होते, दोन महिन्यांत सुधारली बघा! सुधारली म्हणे. जशी काही बिघडलेली होती.

दुकानदाराने इटालियन सोमवारपर्यंत ठेवतो म्हणून सांगितलं. परतताना गाडीत हे खुशीत, पोरगी चष्म्याला पट्टी कशी लावायची ते विचारत होती, आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. त्या दोन दिवसांत मी ह्यांच्यावर विनाकारण किती खेकसले त्याला गणती नाही. चहात साखर जास्त म्हणून, साखर कमी म्हणून. आणि पोरीकडे बघत राहिले. बरणीचं झाकण ती डाव्या हाताने उघडते. किल्ल्या फेकल्या की डाव्याने झेलते. केर डाव्याने काढते आणि मी इतकी वर्षं ओरडते, नीट धर गं केरसुणी. देवा रे! डोळ्यांसमोर होतं आणि मी पाहिलंच नव्हतं.

रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघी भैरवगढहून आलेला नवीन माल लावत होतो. साडीची घडी दोघींनी घालायची असते, एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि चालत एकमेकींकडे यायचं. आमची घडी दर वेळी गुंतते. ती एका बाजूने वळवते, मी दुसऱ्या, आणि मग मी म्हणते, "उलटी गं बाई तू, उलटीच." त्या दिवशी मी काही बोलले नाही. माझेच हात बदलले, ती जशी धरते तसे. साडी एका झटक्यात चापून-चोपून घडी झाली. पोरगी चकित. "आई! आज कशी काय जमली?"

मी साडी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. सत्यनारायण, त्या बायका, मोजा, नाडी, मिस्त्रीपाशी बोललेलं खोटं. सांगताना मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी आणखी चिडते, त्यामुळे मी रडत-रडत तिच्यावरच ओरडले, "बोल ना काहीतरी!"

ती बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसली. तेवढ्यात हे डबा घेऊन आले. मी त्यांनाही सांगितलं. हे विचारात पडून म्हणाले, "अगं, मला तर वाटायचं तो मोजा थंडीसाठी होता."

"मे महिन्यात?"

"मला वाटलं, आईला जास्त कळतं."

पायरीवरून हसण्याचा आवाज आला. पोरगी हसत होती, डोळे पुसत हसत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात." मग माझ्याकडे वळून, न हसता, म्हणाली, "आई, मला खूप राग आलाय. तो थोडे दिवस राहील. राहू दे."

"राहू दे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याच दुपारी तिने ठरवलं, खांदा बदलायचा. सरांनी फोनवर समजावलं, की यंदाची चाचणी हातची जाईल, पट्टी लावून खेळ, पुढचं पुढे बघू. ती म्हणाली, नाही सर. आणि मी, महागड्या लेबलांना आयुष्यभर शिव्या घालणारी बाई, मी म्हटलं, "इटालियनच घेऊ. तुझ्या मापाची, डाव्या हाताची, खास तिकडून बनवून मागवू. दुकानावर कर्ज काढते मी."

पोरीने माझ्याकडे रोखून बघितलं. "का? कालपर्यंत तर तू किमतीवरून बाबांचं डोकं खात होतीस."

"चांगली वस्तू आहे. मी आतून बघितली आहे."

"आहेच चांगली. पण मला आत्ता खांद्याला बंदूक कशी लावायची तेच पहिल्यापासून शिकायचंय. तिच्या चांगुलपणाचं मी काय करू? तू ती माझ्यासाठी घेत नाहीयेस, आई. तुझं मन हलकं करायला एवढी जड बंदूक मी का उचलू?"

हे टाळी वाजवणार होते, मी डोळे वटारले म्हणून थांबले.

सोमवारी आम्ही तुर्की घेतली. दुकानदाराने जराही तोंड वाकडं केलं नाही. म्हणाला, पहिल्या बंदुकीवर माणूस चुका करतो, चुका स्वस्तातच कराव्यात. मिस्त्रींसमोर मी मान खाली घालून उभी राहिले आणि म्हटलं, उस दिन मैंने झूठ बोला था. ते म्हणाले, "माताजी, मेरी अम्मा तो हाथ पे चिमटा मारती थी," आणि आपला डावा हात वर करून दाखवला. तुर्कीचा दस्ता सरळ होता, तो त्यांनी गरम तेलाने शेकून-शेकून थोडा डाव्या बाजूला वळवला, गालाखालची फळी खालीवर होईल अशी करून दिली. आठ दिवसांनी बंदूक हातात आली ती नावाला तुर्की, बाकी पोरीची.

पहिल्या शनिवारी मी तिच्याबरोबर रेंजवर गेले. डाव्या खांद्यावरून पंचवीसपैकी चार. दुसऱ्या शनिवारी तीन. लहान-लहान मुलं पुढे जात होती आणि माझी बावीस वर्षांची घोडी बंदूक कशी धरायची ते विचारत होती. निवड चाचणी आली तोवर ती तेरावर पोचली होती. तरी गेली, खेळली, आणि यादीत खालून दुसरी आली. टीमची नावं फळ्यावर लागली तेव्हा मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मनात एकच होतं, आता ती म्हणणार, सोडते.

ती बाकावर येऊन बसली, बंदूक उघडून मांडीवर ठेवली.

"मी घालवलं तुझं वर्ष," मी म्हटलं. "स्पष्टच बोलते. माझ्यामुळे झालं हे सगळं."

"हो, तुझ्यामुळेच," ती म्हणाली. "पण आई, वर्षभर मला वाटत होतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. रोज वाटायचं. आता एकदाही वाटत नाही."

मी म्हटलं, "तुझ्यात काही कमी नाही गं. कमी तुझ्या आईत आहे."

"ते तर आहेच," ती म्हणाली, आणि खिशात काडतुसं भरून सरावाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.